पहिल्या फेरीपुरता भत्ता

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल परवा रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तोच घोळतोय. अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरीला लागून वर्ष व्हायच्या आत तिथल्या क्रीडा विभागाच्या बजेटवर टिपण लिहायला सांगितलंय, आणि तेही मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल. गेल्या मोसमात २९ सामन्यांत ५ विजय, तिकीटविक्री नावापुरती, आणि साहेबांचा प्रश्न एका ओळीचा: या संघावर आणखी पैसे घालायचे, की आहे त्यातच भागवायचं? तू लिहिलंस, "मावशी, मन हो म्हणतं, पण आकडे नाही म्हणतात." आकड्यांकडे येतेच. आधी एक जुनी गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही अर्धीच माहीत आहे.

१९८४ साल. मी नागपूरच्या एका कॉलेजात शिकत होते आणि आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चंद्रपूरला होती. मुलांच्या संघाला चार दिवसांचा भत्ता मिळाला, आम्हाला दोन दिवसांचा. मी ऑफिसात जाऊन विचारलं, तर कारकून काका रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "पोरी पहिल्या फेरीतच हरतात. चार दिवस तिथे करणार काय?" आमचा चेंडू इतका जुना होता की त्यावरचे दाणे झिजून तो गुळगुळीत झाला होता, घामेजल्या हातातून सटकायचा. तोच घेऊन गेलो. आणि पहिला सामना तीन गुणांनी जिंकलो.

त्या रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून आम्ही नऊजणी चिल्लर मोजत होतो. दुसऱ्या दिवशीचा सामनाही जिंकला, आणि मग उपांत्य फेरीसाठी थांबायला पैसेच उरले नाहीत. आमच्यातल्या एकीची मावशी गावात राहायची. तिच्या ओसरीवर झोपलो, तिने पिठलं-भात घातला. सकाळी मैदानावर उतरलो तेव्हा पाय जड झाले होते. मोठ्या फरकाने हरलो. परत आल्यावर मला वाटलं, आता तरी भत्ता वाढेल. पुढच्या वर्षी पुन्हा दोनच दिवसांचा मिळाला, कारण खर्चाच्या वहीत आदल्या वर्षीचा आकडा दोन दिवसांचा होता.

तुझ्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वहीत दिसतं. पैसे कमी दिले म्हणून संघ हरतो, संघ हरतो म्हणून पैसे कमी देतात, आणि चार-पाच वर्षं गेली की सुरुवात कुठून झाली ते कोणालाच आठवत नाही. म्हणून तुझ्या टिपणाचा पहिला प्रश्न "आणखी पैसे घालायचे का" हा ठेवू नकोस. "आजवर कधी घातले का" इथून सुरुवात कर.

हे शोधणं अवघड नाही. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या, मुलं-मुली दोघंही शिकत असलेल्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ असणाऱ्या प्रत्येक कॉलेजला इथे अमेरिकेत दरवर्षी क्रीडाखर्चाचा तपशील जाहीर करावा लागतो. तो कायदा १९९४ चा आहे. त्यात मुलांचा आणि मुलींचा बास्केटबॉल वेगवेगळा दिसतो, तुमच्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या गटातल्या, बाकी कॉलेजांचाही दिसतो. दहा वर्षांचे आकडे काढ आणि शेजारी विजय-पराभव लिही. मी तीस वर्षं इथल्या विद्यापीठांच्या हिशेबखात्यात काढली, पण हा साधा तक्ता बैठकीत आणलेला क्वचितच पाहिला. सगळे शेवटच्या मोसमावर बोलतात.

मग वेळापत्रक घे, आणि त्यात नोव्हेंबर-डिसेंबर नीट बघ. लहान विद्यापीठाचा संघ त्या महिन्यांत मोठ्या विद्यापीठांच्या घरच्या मैदानावर जातो, चांगलाच मार खातो आणि चेक घेऊन परततो. याला इथे 'गॅरंटी गेम' म्हणतात. हरण्याचे पैसे असतात ते, दुसरं काय! असा एक परतीचा प्रवास मी पाहिलाय, ऑडिटसाठी संघाबरोबर गेले होते तेव्हा. पन्नासएक गुणांनी हरलेल्या मुली, बाहेर बर्फ, रात्रीचे अकरा. बसमध्ये एकीने प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ भरून घोट्याला बांधला होता, कारण फिजिओ दोन संघांत मिळून एकच आणि ती त्या दिवशी मुलांबरोबर होती. वितळलेलं पाणी मधल्या वाटेवरून माझ्या बुटापर्यंत आलं. मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आणि तो चेक? विभागाच्या सर्वसाधारण खात्यात जमा झाला. तुमच्याकडे तो कुठे जातो ते तपास. पाच विजयांपैकी किती घरचे, चोवीस पराभवांपैकी किती असे विकलेले, हे एका ओळीत लिहिलंस तरी साहेबांना संघ वेगळा दिसेल.

आता "मुलींचा संघ काही कमवून देत नाही" या वाक्याकडे येऊ, कारण बैठकीत ते कोणीतरी बोलणारच. १९९१ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल त्या हिशेबाने त्याच्या कॉन्फरन्सला एनसीएएकडून, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेकडून, पैसे मिळतात. महिलांच्या स्पर्धेसाठी असा निधी २०२५ पर्यंत नव्हताच. जानेवारी २०२५ मध्ये मतदान झालं आणि त्याच वर्षीच्या स्पर्धेपासून हिशेब सुरू झाला, सुरुवातीला सगळ्यांत मिळून १ कोटी ५० लाख डॉलर. म्हणजे त्याआधी मुलींनी कितीही जिंकलं तरी त्या खात्यात शून्यच पडणार, असा नियमच होता.

प्रक्षेपणाचंही तेच. महिलांची स्पर्धा वर्षानुवर्षं इतर खेळांच्या गठ्ठ्यात बांधून विकली गेली. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओला ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने महिला संघांना दिलेली चिमूटभर डंबेल्स आणि पुरुषांची भरगच्च व्यायामशाळा यांचा व्हिडिओ टाकला, तेव्हा एनसीएएला चौकशी बसवावी लागली. त्या अहवालाने अंदाज बांधला की एकट्या महिला बास्केटबॉलचे प्रक्षेपण हक्क २०२५ पासून वर्षाला ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलरचे असू शकतात. पुढे २०२४ मध्ये ईएसपीएनशी आठ वर्षांचा ९२ कोटी डॉलरचा करार झाला, चाळीस स्पर्धांचा, त्यात महिला बास्केटबॉलचा वाटा वर्षाला साडेसहा कोटींच्या आसपास धरला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवाचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला, पुरुषांचा अंतिम सामना दीड कोटीच्याही आत राहिला.

पण बाळा, हा शेवटचा आकडा तुझ्या टिपणात घालू नकोस. मोह होईल. साहेब लगेच म्हणतील, "आपल्याकडे आयोवाच्या केटलिन क्लार्कसारखी खेळाडू आहे का?" आणि त्यांचं बरोबरच असेल.

घालायचंच असेल तर आयोवाची मागची गोष्ट घाल. ऑक्टोबर २०२३ मध्ये किनिक स्टेडियमवर, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर, मुलींचा सराव सामना पाहायला ५५,६४६ माणसं आली. मी त्यात होते. वारा इतका होता की चेंडू हवेत वाकत होता. माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढची एक बाई बसली होती. तिने शाळेत सहाजणींचा बास्केटबॉल खेळला होता: तीन मुली फक्त बास्केट करणार, तीन फक्त अडवणार, मधली रेघ ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल. आयोवात तो खेळ १९९३ पर्यंत चालला आणि त्याच्या राज्यस्पर्धेला गावंच्या गावं लोटायची. त्याच काळात विद्यापीठात क्रिस्टीन ग्रांट यांनी मुलींचा क्रीडा विभाग उभा केला, १९८३ मध्ये व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना प्रशिक्षक म्हणून आणलं, आणि १९८५ मध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ लोक आले. क्लार्क जन्मायला तेव्हा सतरा वर्षं बाकी होती. ती म्हातारी मला म्हणाली, "आम्ही नवीन नाही आलो गं, आम्ही कायमच इथे होतो."

बैठकीत आणखी एक जण उठेल, जरा भावुक होऊन. तो सांगेल की पूर्वीच्या मुलींनी पैशावाचून जिंकून दाखवलंय. फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या छोट्या कॉलेजच्या मुलींनी टूथब्रश विकून प्रवासखर्च जमवला आणि १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट सुरुवातीला स्वतः संघाची गाडी चालवायच्या, जर्सी धुवायच्या. सगळं खरं आहे आणि मला त्या बायकांचा अतोनात आदर आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही. १९७२ साली शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणारा टायटल नाइनचा कायदा आला, हळूहळू मोठ्या विद्यापीठांनी मुलींवर पैसे खर्च करायला सुरुवात केली, आणि इमॅक्युलाटा पुन्हा त्या उंचीवर कधी दिसली नाही. चेनी स्टेट हे पेनसिल्व्हेनियातलं छोटं कृष्णवर्णीय कॉलेज, १९८२ च्या पहिल्यावहिल्या एनसीएए महिला स्पर्धेत थेट अंतिम फेरीत होतं. स्ट्रिंगर तिथेच शिकवायच्या. पुढच्या वर्षी त्या आयोवाला गेल्या, आणि २०१८ मध्ये पैशाअभावी चेनीला एनसीएएच्या तीन श्रेणींपैकी दुसरीही सोडावी लागली. जिद्द दोन्हीकडे होतीच. टूथब्रशने चालत होतं, कारण तेव्हा कोणाकडेच काही नव्हतं.

तेव्हा माझं मत विचारशील तर हो, पैसे वाढवा. पण कशावर, याबद्दल मी कडक आहे.

नावाजलेला प्रशिक्षक दामदुप्पट पगारावर आणू नका. लोक एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) उदाहरण देतील: २०२१ मध्ये किम मल्की आल्या, ९ विजय १३ पराभवांचा संघ पुढच्याच मोसमात २६ विजयांवर गेला आणि २०२३ ला विजेता झाला. त्यामागे फुटबॉलची तिजोरी आहे, तुमच्यामागे नाही. आणि जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षी (२०२५-२६) २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातलाही मोठा हिस्सा फुटबॉलकडे, मुलींच्या बास्केटबॉलला बहुतेक ठिकाणी पाचएक टक्के. त्या शर्यतीत लहान विद्यापीठाने धावूच नये.

फ्लोरिडा गल्फ कोस्टकडे बघ. संघच २००२ मध्ये सुरू झाला. कार्ल स्मेस्को या एकाच प्रशिक्षकाला त्यांनी बावीस वर्षं तिथे ठेवलं, त्याने उंच मुलींच्या मागे न लागता तीन गुणांच्या फेकीवर खेळ बांधला, आणि २०२२ ला व्हर्जिनिया टेक, २०२३ ला वॉशिंग्टन स्टेट अशा त्यांच्याहून कितीतरी सधन संघांना राष्ट्रीय स्पर्धेत हरवलं. प्रशिक्षक डॉन स्टॅली आज मोठं नाव आहे, पण २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात आल्यावर पहिल्या मोसमात त्यांचे १० विजय आणि १८ पराभव होते, दुसऱ्यातही पराभवच जास्त. राष्ट्रीय स्पर्धेत पोचायला चौथा मोसम उजाडला, विजेतेपद २०१७ ला. दुसऱ्या वर्षी कोणी वहीत बघून "पहिल्या फेरीपुरता भत्ता" म्हटलं असतं तर?

तुझ्या टिपणात म्हणून मी एवढं मागेन: मुलींच्या संघाची स्वतःची फिजिओ, सहायक प्रशिक्षकांना टिकून राहावंसं वाटेल असा पगार (दर वर्षी सहायक बदलला की नवीन मुली आणणारं माणूसच निघून जातं), गॅरंटी गेम दोनच्या वर नाहीत, त्यांचा चेक संघाच्या खात्यात, आणि पाच वर्षांची लेखी हमी. घरचे सामने गावातल्या शाळांच्या मुलींना फुकट. हे सगळं मिळून एका नामांकित प्रशिक्षकाच्या पगारापेक्षा कमीच भरेल, बेरीज करून बघ.

आणि एक अवघड गोष्टही लिही, टाळू नकोस. विद्यापीठाला एवढंही झेपत नसेल तर खालच्या श्रेणीत जाणं हा प्रामाणिक मार्ग आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीत जायचं जाहीर केलं, त्यांचा पुरुष संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आला त्याच महिन्यात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण मुली आपल्या तोडीच्या संघांशी खेळतात, कमी अंतराचा प्रवास करतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो पहिल्या श्रेणीची पाटी लावून मुलींना तिसऱ्या श्रेणीच्या पैशांत ठेवण्यात.

टिपण द्यायला तीन आठवडे आहेत म्हणतेस. मग त्याआधी त्यांच्या बाहेरगावच्या एका सामन्याला जा, आणि स्वतःच्या गाडीने नको, संघाच्या बसने जा. प्रशिक्षक बाईंना आधी विचार, त्या नाही म्हणणार नाहीत. जाताना कोणाशी बोलू नकोस, परतीच्या वाटेवर बोल. कोणी काय खाल्लं, बर्फ कोणी आणला, सकाळी कोणाची परीक्षा आहे, ते लिहून ठेव. घरी पोचलीस की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी जागी असेन.

तुझी,
मावशी