गोलपोस्ट सोडल्यानंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यानं साथ सोडली म्हणून बूट काढून ठेवलेस आणि लगेच मंडळानं कार्यकारिणीत घ्यायचं ठरवलं, हे वाचून आनंद झाला. पण त्यात तू लिहिलं आहेस, ‘सर, मैदान मला पाठ आहे, कारभार जमेलच.’ तिथं मी थांबलो.

मँचेस्टर युनायटेडचा डच गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार, त्याचे सेव्ह तू मोबाईलवर कितीदा पाहिले असशील. 2008, मॉस्को, युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची फायनल, चेल्सीच्या अनेल्काची अडवलेली पेनल्टी. त्याच्या पुढच्या आयुष्याकडेही एकदा नीट बघ. 2011 मध्ये वेम्बलीवर बार्सिलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल खेळून तो थांबला. वय 40, नेदरलँड्सकडून 130 सामने. एवढं नाव असलेला माणूस त्यानंतर क्रायफ इन्स्टिट्यूटमध्ये क्रीडा व्यवस्थापन शिकायला बसला. 2012 मध्ये त्यानं आपल्या जुन्या क्लबात, ॲमस्टरडॅमच्या आयाक्समध्ये, मार्केटिंगची जबाबदारी घेतली. जर्सीवरची जाहिरात, प्रायोजक, तिकिटं अशी ती कामं. मुख्य कार्यकारी झाला तो 2016 मध्ये. मधली चार वर्षं मला त्याच्या पदकांइतकीच मोलाची वाटतात. तुझ्या नावामुळं खुर्ची मिळेल रे, पण हिशेबाची वही नाव बघून उलगडत नाही. पहिलं वर्ष खजिनदाराशेजारी बस.

चांगले दिवसही आले त्याच्या वाट्याला. 2019 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये आयाक्सच्या पोरांनी रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानात 4-1 हरवलं, मग युव्हेंटसला तुरीनमध्ये. सेमीफायनलला टॉटनहॅमच्या लुकास मौरानं इंज्युरी टाइमच्या शेवटच्या क्षणी गोल केला आणि सगळं हातचं गेलं. 2021 मध्ये, करोनामुळं प्रेक्षकांना मैदानात येऊन बहुतेक सामने बघता आले नव्हते, तेव्हा नेदरलँड्सची लीग जिंकल्यावर क्लबनं विजेतेपदाची चकतीच वितळवली, तिचे इवलेसे तारे केले आणि 42,000 सीझन तिकीटधारकांना घरपोच धाडले. असं सुचायला प्रेक्षकांवर जीव असावा लागतो.

पण मला तुला सांगायचंय ते अब्देलहक नूरीबद्दल. आयाक्सच्याच अकादमीत वाढलेला, 20 वर्षांचा गुणी पोरगा. जुलै 2017 मध्ये ऑस्ट्रियात वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात हृदयाची लय बिघडून मैदानावरच कोसळला. जीव वाचला, मेंदूला मात्र कायमची इजा झाली. मैदानावरचे उपचार योग्यच होते, असं क्लब आधी म्हणत होता. वर्षभरानं, जून 2018 मध्ये, व्हॅन डर सारनं जाहीरपणे सांगितलं की उपचार अपुरे पडले आणि जबाबदारी क्लबची आहे. उपचार त्यानं केले नव्हते. वकील आणि पैशांचा प्रश्न समोर असताना गप्प राहणं सोपं होतं. पुढं 2022 मध्ये नूरीच्या कुटुंबाशी 78.5 लाख युरोंची भरपाई ठरली. पैशानं पोरगा पूर्वीसारखा झाला नाही, पण आईबापांना खरं ऐकायला मिळालं. खुर्चीवर बसायचं ते अशा दिवसासाठी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच 2022 मध्ये 1995 च्या युरोप विजेत्या संघातला त्याचा सोबती, क्लबचा फुटबॉल संचालक मार्क ओव्हरमार्स, महिला सहकाऱ्यांना अशोभनीय संदेश पाठवल्याबद्दल क्लबातून गेला. तुझ्या मंडळातही सगळे लहानपणापासूनचे दोस्त आहेत. तक्रार घेऊन कुणी आलं, तर आधी तिचं पूर्ण ऐकून घे, दोस्ताचं नंतर. मे 2023 मध्ये, आयाक्स तिसरा आला त्या हंगामाच्या शेवटी, व्हॅन डर सारनं स्वतःहून पद सोडलं.

आता कामाचं. पहिल्या बैठकीत नवीन जर्सीचा विषय नक्की निघेल, निघू दे. त्याआधी एवढं विचार: सरावाच्या वेळी मैदानावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, कोणाला येतो? रुग्णवाहिकेला आत यायला वाट मोकळी असते का? दवाखाना किती लांब? उत्तर मिळालं नाही, तर माझ्या ओळखीतल्या डॉक्टरीणबाई रविवारी सकाळी येऊन सगळ्या पोरांना शिकवायला तयार आहेत. तारीख कळव.

तुझा,
सर