आईचं दुखणं लेकाच्या तोंडून कसं कळणार?

"आई आता कायमची आमच्याकडे परदेशात आली आहे. इथली भाषा तिला येत नाही. गप्प गप्प असते. फिरायला चल म्हटलं की गुडघे पुढे करते, पाणीही मोजकंच पिते. डॉक्टरांकडे नेलं, मी सगळं समजावून सांगितलं. रिपोर्ट ठीक आहेत. मग होतंय काय? ड जीवनसत्त्व कमी असेल का? दिवसभर घरात टीव्हीच बघते, भाषेचा क्लास लावू का?"

मी तुमच्या ‘मी सगळं सांगितलं’वरच अडले. अहो, सत्तरीची बाई लेकाच्या देखत काय सांगणार? गुडघे सांगेल, पित्त सांगेल. खोकला आला की लघवी सुटते, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं, हे ती तुमच्याकरवी डॉक्टरांना कळवेल होय?

आमच्याकडेही तेच. सासूबाई भडाभडा बोलायच्या आणि आमचे हे डॉक्टरांना सांगायचे, "शी इज फाइन." शेवटी एका नर्सने यांना बाहेर बसवलं आणि स्पीकरफोनवर दुभाषी बाई जोडून दिल्या. सासूबाईंनी आधी त्यांना गाव विचारलं, मुलंबाळं विचारली, मग शेवटच्या बाळंतपणापासूनचं सगळं बाहेर काढलं. मी शेजारीच होते. इतक्या वर्षांत मलाही त्यातलं अक्षर कळलं नव्हतं!

दुभाषी मागण्यात मिंधेपणा कसला? ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत ही सोय मोफत आहे. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांवर ती कायद्याने बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात 131 450 या नंबरवर फोनवरून दुभाषी मिळतो. मराठी नाही मिळाली तर हिंदी चालवून घ्या.

गुडघे खरंच दुखत असतील, नाही म्हणत नाही. पण बाहेर टॉयलेट कुठे सापडेल या धास्तीनेही बायका घर सोडत नाहीत आणि पाणी तोडतात. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय जास्तच चुरचुरतं, वर बद्धकोष्ठ. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून निदान 3 महिने करायचे. ‘वयच झालं’ म्हणून सोसायची गोष्ट नाही ही. आणि पाळी जाऊन 12 महिने उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवायचं. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण तो डाग गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचाही असू शकतो.

ड जीवनसत्त्वाचं विचारलंत. सावळी कातडी, कमी ऊन आणि दिवसभर घरात, म्हणजे कमतरता असू शकते, डॉक्टरांना विचारा. भाषेचा क्लास तिला हवा असेल तर लावा. टीव्हीवरून कटकट करू नका.

पुढची वेळ घेताना दुभाषी आणि बाई डॉक्टर, दोन्ही मागा. बोलणं दोनदा होतं, तेव्हा वेळही जास्त मागून घ्या. औषधांची यादी कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. तुम्ही वेटिंग रूममध्ये बसा, आणि ती बाहेर आल्यावर "काय काय बोललीस?" म्हणून खोदून विचारू नका.