मावशी, एक विचारू? : ब्रायटनचे दोन दिवस

प्रश्न : मावशी, मी मूळची साताऱ्याची. सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमला एमएस्सी करतेय. विद्यापीठ, खोली आणि सुपरमार्केटमधली पार्ट-टाइम नोकरी, यापलीकडे इंग्लंड पाहिलंच नाही. जूनमध्ये परीक्षा संपली की एका शनिवार-रविवारी एकटीनंच ब्रायटनला जायचं ठरवलंय. मला समुद्र बघायचाय. मैत्रिणींनी मात्र पॅलेस, पिअर, दुकानांच्या गल्ल्या, पांढरे कडे, क्लब अशी भलीमोठी यादी हातात दिलीय. दोन दिवसांत हे सगळं बसेल का? खर्च बेताचा ठेवायचाय. मासे खाते, बीफ नाही. तुम्ही इतकी वर्षं इंग्लंडात नर्स म्हणून नोकरी केलीत, म्हणून तुम्हालाच विचारते.
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : पोरी, यादीतली निम्मी नावं आत्ताच खोड. क्लब खोड, खरेदी खोड. पांढरे कडे बघायला ईस्टबोर्नच्या बाजूला जाणारी बस मिळते आणि ते बघण्यासारखे आहेतच, पण त्यात अख्खा दिवस जातो. ते पुढच्या खेपेला. तुला समुद्र बघायचाय ना, मग समुद्राला वेळ दे. आणि अर्धा दिवस मी सांगते त्या एका जागेसाठी राखून ठेव. ती जागा तुझ्या मैत्रिणींच्या यादीत नसणार.

आधी जायचं कसं ते बघू. बर्मिंगहॅमहून लंडनच्या यूस्टन स्टेशनला उतर. तिथून सेंट पँक्रास पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तिथून थेम्सलिंकची गाडी थेट ब्रायटनला जाते. ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, पैसे वाचतात. सोळा ते पंचवीस वयाचं रेलकार्ड अजून काढलं नसशील तर आजच काढ, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. पंचविशी ओलांडली असली तरी पूर्णवेळ विद्यार्थ्यांना ते मिळतं. एकाच कंपनीच्या गाडीला चालणारं तिकीट स्वस्त असतं, पण ते दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालत नाही. तेव्हा गाडीत चढण्याआधी तिकिटावरचं बारीक अक्षर वाच.

आणि रविवारची गाडी निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा तपास. इंग्लंडात रुळांची कामं बऱ्याचदा रविवारीच काढतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात. मी एकदा हे न बघता गेले. परतताना बस, मग गाडी असं करत रात्रपाळीला दीड तास उशिरा पोचले. माझी दिवसपाळीची सहकारी तोवर वॉर्ड सोडू शकली नाही आणि तिचं तीन वर्षांचं लेकरू शेजाऱ्यांकडे होतं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. ते मला आजही लागतं.

राहायचं म्हणशील तर शनिवारची रात्र महाग आणि गोंगाटाची. लग्नाआधीच्या पार्ट्या करायला लंडनहून टोळ्याच्या टोळ्या येतात. उन्हाळ्यात बरीच हॉटेलं शनिवारी एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत, दोन रात्रींची अट घालतात. परीक्षा संपलेली आहे, मग रविवारी सकाळी जाऊन सोमवारी संध्याकाळी का नाही परतत? हॉस्टेलमधला पलंगही रविवारी स्वस्त पडतो. फक्त मुलींची डॉर्म माग, आणि लॉकरला लावायला स्वतःचं कुलूप ने.

आता समुद्र. स्टेशनातून बाहेर पडलीस की क्वीन्स रोड सरळ खाली उतरत जातो. पंधरा मिनिटं चाल, रस्त्याच्या टोकाला पाणी दिसेल. तू साताऱ्याची, म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर गणपतीपुळ्याची वाळू असणार. मी हर्णैची. मीही पहिल्यांदा पुळण डोळ्यासमोर ठेवूनच गेले होते, २००३ च्या उन्हाळ्यात. तिथे वाळू नाही. सगळा किनारा गोट्यांचा. चकमकीचे गोल गुळगुळीत गोटे, तपकिरी, राखाडी, मधासारखे पिवळे. चप्पल काढून चालायला गेलीस तर पाय सोलवटून निघतील, म्हणून जाड तळव्याचे बूट घाल. ओहोटी पार खाली गेली की थोडी वाळू उघडी पडते, एवढंच.

पण तिथे बसून ऐक. लाट येताना नेहमीसारखी येते. परत जाताना मात्र हजारो गोटे ओढत नेते, आणि आमच्याकडे सुपात सुक्या सुपाऱ्या घोळवल्यावर होतो तसा आवाज होतो. खळखळ, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा लाट. हर्णैला जन्म गेला तरी हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पहिल्या दिवशी दोन तास मी नुसती बसून होते. गोट्यांत जरा हालचाल करून खळगा केला की पाठीला छान टेकण मिळतं. जूनमध्ये सूर्य नऊच्या पुढे मावळतो, तेव्हा सातला बसलीस तरी घाई नाही. अंगावर जाकीट ठेव, वारा जूनमध्येही गार असतो. गोटे आठवण म्हणून खिशात टाकू नकोस. ते किनाऱ्याचं संरक्षण करतात आणि उचलून न्यायला कायद्यानं मनाई आहे.

पॅलेस पिअर म्हणजे १८९९ साली उघडलेला, समुद्रात अर्धा किलोमीटर गेलेला लाकडी-लोखंडी धक्का. वर पाळणे, खेळ, खाऊची दुकानं. एक चक्कर मार, फळ्यांच्या फटीतून खाली पाणी हलताना दिसतं ते बघ, आणि ये. मला त्यापेक्षा पश्चिमेकडे उभा असलेला वेस्ट पिअरचा सांगाडा जवळचा वाटतो. १८६६ चा तो पूल, १९७५ पासून बंद. डिसेंबर २००२ मध्ये वादळानं त्याचा भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये आणि मेमध्ये दोनदा आग लागली. मी गेले तेव्हा या आगी नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि किनाऱ्यावर उभं राहून वयस्कर माणसं गप्प बघत होती. आता तिथे लोखंडी पिंजरा तेवढा उरलाय.

आता ती जागा. गावात रॉयल पॅव्हिलियन नावाचा राजवाडा आहे. घुमट, मिनार, जाळ्या. लांबून बघशील तर हा इंग्लंडात कसा आला असं वाटेल. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या युवराजासाठी जॉन नॅशनं १८१५ ते १८२२ या काळात त्याला हे रूप दिलं. नॅश भारतात कधी आला नव्हता. आत सगळी सजावट मात्र चिनी धाटणीची. तिकीट महाग आहे, पण विद्यार्थ्यांची सवलत विचार आणि आत जा, कारण आत एक दालन आपल्या माणसांचं आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक बोटीनं इंग्लंडला आणले, आणि डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ या राजवाड्याचं इस्पितळ झालं. झुंबरांखाली खाटा मांडल्या. शेजारच्या डोममध्येही खाटा होत्या. आज तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. मी नर्स, त्यामुळे माझं लक्ष तिथल्या व्यवस्थेकडे जातं. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या माणसांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती. वॉर्डात हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. पाट्या उर्दूत, हिंदीत, गुरुमुखीत. एकीकडे वाटतं, केवढी काळजी घेतली. आणि मग आठवतं की बरा झालेला माणूस पुन्हा खंदकात पाठवला जात होता, आणि घरी लिहिलेली त्याची पत्रं सेन्सॉर वाचत होता. मला या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवता येत नाहीत, अजूनही नाही.

त्यातले जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदूंना आणि शिखांना गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. त्रेपन्न जणांना. मुसलमान सैनिकांचं दफन लंडनजवळच्या वोकिंगला केलं. ज्या चौथऱ्यांवर चिता रचल्या, त्यांच्यावर ग्रॅनाइटच्या तीन शिळा ठेवल्या आणि जवळच पांढऱ्या संगमरवराची स्मारक-छत्री उभी केली. रचना मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराची. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. इंग्रजही तिला ‘छत्री’च म्हणतात. अस्थी समुद्रात सोडल्या. तू ज्या समुद्राकडे बघत बसणार आहेस, त्याच.

पॅचमपर्यंत बस जाते. तिथून पुढे महामार्ग ओलांडून शेतांतून चढण आहे, पाऊण तास धर. वाटेत मेंढ्या चरत असतात. फाटक उघडलंस तर मागे लावून घे. वर पाणी नाही, दुकान नाही, शौचालय नाही, सावली नाही. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी घेऊनच नीघ. पाऊस होऊन गेला असेल तर चिखल असतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे कुणाचंच नाव नव्हतं. अग्नी इथे दिला एवढं सांगणारा लेख होता, बस. कोण गेलं, कुठल्या गावचं, काही कळायला मार्ग नव्हता. मला ते सहन झालं नाही. वॉर्डात माणूस गेला की सगळ्यात आधी आम्ही त्याच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव पुन्हा एकदा ताडून बघतो. २०१० साली तिथेच शेजारी त्रेपन्न नावं कोरलेला दगड बसवला. पुढच्या खेपेला मी ती सगळी नावं मोठ्यानं वाचली, एक एक करून. आसपास मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं. तूही वाच. आणि दरवर्षी जूनमध्ये एका रविवारी तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. तुझ्या तारखांत बसत असेल तर त्याच दिवशी जा.

खाण्याचं थोडक्यात सांगते. फिश अँड चिप्स खा, कॉड किंवा हॅडक, वर मीठ आणि भरपूर व्हिनेगर. मात्र ऑर्डर देण्याआधी, कशात तळता, हे विचार. इंग्लंडात काही दुकानं गाईच्या चरबीत तळतात. उत्तरेकडे हे जास्त, तरी विचारलेलं बरं. विचारण्यात काही वावगं नाही, रोज कुणी ना कुणी विचारतं. पुडा घेऊन उघड्यावर बसलीस तर पाठ भिंतीला लाव. सीगल मागून येतो. माझ्या हातातला मासा त्यानं अख्खा नेला होता, बोटाला चोच लागून रक्त आलं. पक्षी चांगला मोठा असतो.

प्रश्न : आमची मुलगीही इंग्लंडातच शिकते आणि मैत्रिणींबरोबर ब्रायटनच्या समुद्रावर जाणार म्हणते. ती लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलीय, उत्तम पोहते. तरी माझा जीव खालीवर होतो. काय सांगू तिला?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे, आणि विहिरीत पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. तिथला धोका वेगळा आहे. आपली विहीर उन्हाळ्यात गार वाटते, पण ते पाणी अंगाला सोसतं. ब्रायटनचा समुद्र भर उन्हाळ्यातही सतरा-अठरा अंशांच्या आसपास असतो, जूनमध्ये त्याहून कमी. इतक्या गार पाण्यात एकदम उडी मारली की छाती भरून येते, श्वास आवरत नाही आणि त्या धापेत पाणी नाकातोंडात जातं. चांगल्या पोहणाऱ्यांचंही असंच होतं. शिवाय गोट्यांचा किनारा उतरता असतो. दोन पावलं टाकली की पाणी कमरेवरून गळ्याशी, आणि पायाखालचे गोटे सरकतात.

तिला म्हणावं, जीवरक्षक हजर असतील तेव्हाच आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतर. हळूहळू उतर, आधी मनगटं आणि मान ओली कर. रात्री आणि दारू प्यायलेल्या घोळक्याबरोबर अजिबात नाही. आणि कधी घाबरायची वेळ आलीच तर हातपाय मारत किनाऱ्याकडे झेपावू नकोस. पाठीवर पड, डोकं मागे टाक, कान पाण्यात जाऊ देत, आणि श्वास ताब्यात येईपर्यंत नुसती तरंग. मिनिटभरात धाप ओसरायला लागते. मग हाका मार किंवा पोहत ये. दुसरं कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी न मारता तातडीच्या मदतीचा ९९९ नंबर लावायचा आणि ‘कोस्टगार्ड’ मागायचं.

हे तिला आजच फोनवर सांगा. ती म्हणेल, हो गं आई, माहितीय मला. तरी पाठीवर तरंगायचं कसं ते तिच्याकडून एकदा वदवून घ्या.