‘मंडळीचे वडील’ : एक की अनेक?

अमळनेरचे एक स्नेही विचारतात : कोल्हापूरकडे मित्राच्या लग्नाला गेलो होतो. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या पद्धतीचं चर्च. तिथल्या भाविकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. ‘मंडळीच्या वडिलांनी पुढे यावं’ असं सांगितलं आणि चार जण उठले. एक तर पस्तिशीचाही नसेल. मग ‘वडील’ कसे?

शब्द अगदी बरोबर आहे. आपल्या खानदेशात ‘वडील’ म्हटलं की जन्मदाताच डोळ्यांसमोर येतो, म्हणून अडखळायला होतं. पण हे मुळात विशेषण : वडील भाऊ, वडील बहीण. ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’चा अर्थही तोच, वयाने मोठा, त्यावरूनच ‘प्रेस्बिटेरियन’. अहिराणीतला ‘धल्ला’ म्हाताराच असावा लागतो. ‘वडील’ मात्र वयातून सुटून जबाबदारीला लागतो. धाकट्यानेच घराची वडीलकी केली, असं आपण म्हणतोच ना?

मराठी बायबलात तीताच्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, पाचव्या ओवीत ‘वडील’ आहे आणि सातव्यात त्याच माणसासाठी ‘अध्यक्ष’, म्हणजेच बिशप. प्रेस्बिटेरियन लोक यावर फार भर देतात : ही दोन पदं नाहीत, एकच आहे, म्हणून वडिलांच्या वर बिशप नको. मंडळीचा मस्तक ख्रिस्त, आणि शेवटचा शब्द शास्त्राचा, म्हणजे बायबलचा.

मला या शब्दात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं अनेकवचन. ‘वडिलांनी ठरवलं’ हे घरात आदरार्थी असतं, माणूस एकच. मंडळीत ते खरोखरचं अनेकवचन आहे. एकट्या वडिलाला तिथे निर्णयाचा अधिकारच नाही. मंडळीने निवडलेले वडील पाळकासह, म्हणजे धर्मगुरूसह, सभेत बसतात. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सभासदत्व, शिस्त यांची देखरेख ही सभा करते. पाळकही वडीलच, फक्त शिकवणारा. बाकीचे कारभार पाहणारे. अनेक मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनॉड, काही देशांत त्याहीवर महासभा. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वर दाद मागता येते. स्कॉटलंडमध्ये 1560 च्या धर्मसुधारणेनंतर ही रचना आकाराला आली.

‘पंच’ का नको, असंही स्नेह्यांनी विचारलंय. पंच तंटा मिटवून घरी जातात. वडिलांनी आजाऱ्याच्या उशाशी बसायचं असतं, घरोघरी विचारपूस करायची असते. ‘ज्येष्ठ’ म्हणावं तर एसटीतलं सवलतीचं तिकीट आठवतं.

लिहिताना घोटाळा टाळायचा असेल तर ‘वडिलांच्या सभेने ठरवलं’ असं लिहा. आणि स्त्री निवडून आली तर? आज पुष्कळ प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत स्त्रिया या पदावर आहेत. ‘वडील बहीण’ चालते, तसं ‘त्या आमच्या मंडळीच्या वडील आहेत’ हेही निर्धास्त लिहा. ‘वडिलीण’ घडवायची गरज नाही.