मटण-भाज्यांचा स्ट्यू एकाच कुकरमध्ये करताना बटाट्याचा लगदा होतो आणि मटण चिवटच राहतं. काय चुकतं?

दोन्ही एकदम घालता, तिथेच चुकतं. मटणाला पाऊण तास लागतो, बटाट्याला पंधरा मिनिटं.

अर्धा किलो मटण खांद्याचं किंवा नळीचं, हाडासकट घ्या; नुसत्या बोनलेसला रस्सा पांचट होतो. तुकडे कोरडे पुसून कुकरमध्येच 2 चमचे तेलात दोन खेपांत परता. एकदम कोंबले तर पाणी सुटतं आणि मटण लाल होण्याऐवजी उकडतं. मग 2 कांदे, आलं-लसूण, 10 मिरी, दालचिनी, मीठ. अडीच कप गरम पाणी ओतून तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडा, खरी चव त्यातच असते. एक शिटी, मग मंद आचेवर 20 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या.

आता 2 बटाटे, 2 गाजरं, मोठ्या फोडी करून. शिटी नको, नुसतं झाकण, 15 मिनिटं. फरसबी शेवटच्या आठ मिनिटांत. दाटपणासाठी मैदा कशाला? बटाट्याच्या चार फोडी कडेला दाबून मोडा.

टोमॅटो किंवा लिंबू मात्र अगदी शेवटी, नाहीतर आंबटपणामुळे बटाटा कितीही उकळला तरी मधे कडक राहतो.