डिस्चार्ज बुकातले दुसरे नाव

माजी सैनिकांच्या कुटुंबांशी बोलताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "डिस्चार्ज बुकात बायकोचे नाव चुकीचे लागले आहे. ते दुरुस्त करायला गेलो, तर चालू असलेली पेन्शन अडकेल का?" डिस्चार्ज बुक म्हणजे सेवामुक्त होताना सैनिकाला मिळणारे त्याच्या सेवेच्या नोंदींचे पुस्तक. विचारणारा माणूस आवाज खाली आणून विचारतो आणि पुष्कळदा "माझ्या एका मित्राचे असे झाले आहे" अशी सुरुवात करतो. त्या मित्राची हकिगत म्हणून नव्हे, तर एका हवालदारांची आणि त्यांच्या पत्नीची हकिगत म्हणून मी याचे उत्तर देणार आहे. दोघांची परवानगी घेतली आहे आणि नावे बदलली आहेत.

माजी सैनिकांच्या कागदपत्रांच्या कामात मदत करायला मी आठवड्यातून एक दिवस दापोलीला बसते. दापोलीला जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या काळी इथे लष्कराचा तळ होता आणि नोकरी संपलेले पेन्शनर शिपाई आजूबाजूला वस्ती करून राहत असत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले होते. पेन्शनीचा कागद सांभाळणे ही गोष्ट या भागाला नवी नाही, आणि तो कागद हरवेल किंवा खोटा ठरेल ही भीतीही तितकीच जुनी आहे.

हवालदार काका 2023 च्या पावसाळ्याच्या अखेरीस पहिल्यांदा आले. धोपाव्याहून दाभोळपर्यंत फेरीबोटीने आणि तिथून एसटीने, असा त्यांचा प्रवास होता. ते 1970 मध्ये भरती झाले, 1987 मध्ये सतरा वर्षांची नोकरी पुरी करून घरी आले आणि तेव्हापासून पेन्शन घेत आहेत. त्यांनी पिशवीतून एक पुडके काढले. वर प्लास्टिक, आत जुना टॉवेल, त्याच्या आत पुन्हा प्लास्टिक आणि कडुनिंबाची वाळलेली पाने. आमच्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागते, कसर लागते, म्हणून दर दिवाळीला ते हे पुडके उघडून उन्हात ठेवत. आतले डिस्चार्ज बुक छत्तीस वर्षांनंतरही धड होते.

तक्रार त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. तालुक्याच्या गावी सुविधा केंद्रात माहिती पडताळायला गेले, तेव्हा पडद्यावर पत्नीचे नाव 'चंद्रभागा' असे आले आणि जन्मतारखेची जागा रिकामी दिसली. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि बँकेच्या संयुक्त खात्यावर मात्र त्या 'सुलोचना' आहेत.

ही चूक कोकणात घरोघरी सापडेल आणि तिचे मूळ एका सुंदर प्रथेत आहे. लग्नात नवरी सासरी आली की ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितो आणि त्या दिवसापासून माहेरची चंद्रभागा सासरची सुलोचना होते. काकांचे लग्न 1974 च्या मे महिन्यात, वार्षिक रजेत झाले. रजा संपवून पलटणीत परतल्यावर लग्नाची नोंद करायची म्हणून त्यांनी गावचा दाखला दिला. तो दाखला मुलीच्या माहेरच्या गावाने दिलेला होता, त्यामुळे त्यात माहेरचे नाव होते आणि त्याप्रमाणे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीत बदल करणारा लेखी आदेश, निघाली. तिच्यावरून नाव शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवानोंदीत, गेले, तिथून डिस्चार्ज बुकात, पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये आणि शेवटी संगणकात. म्हणजे कोणी खोटे बोलले नव्हते. दाखला खरा होता, नोंदही दाखल्याप्रमाणे झाली होती, फक्त तांदळातले नाव पलटणीपर्यंत पोहोचले नव्हते.

हे मी त्यांना समजावले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि अर्ज न करताच निघून गेले. महिन्याने पुन्हा आले आणि पुन्हा तसेच गेले. माणूस दोन वेळा खाडी ओलांडून येतो आणि अर्जावर सही करत नाही, तेव्हा अडचण कागदाची नसते, हे एवढ्या वर्षांत मला कळू लागले आहे. तिसऱ्या वेळी मी डिस्चार्ज बुक उघडून कुटुंबाच्या तपशिलाचे पान स्वतः उजेडात धरले. जुनी निळी शाई वर्षांनी तपकिरी झाली होती, पण पत्नीच्या नावाच्या जागी कागद खरवडून पातळ झाला होता आणि त्यावर बॉलपेनने, गडद निळ्या अक्षरांत 'सुलोचना' लिहिलेले होते. इंग्रजी अक्षरे एकमेकांना चिकटलेली होती.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, जावयाने केले. चांगल्या मनाने केले. पण आता मी हे पुस्तक कोणाला दाखवू? सतरा वर्षांत माझ्या नावावर शिक्षेचा एक लाल शेरा नाही आणि म्हातारपणी मी खाडाखोड करणारा ठरणार."

पेन्शन बंद पडण्याच्या भीतीमागे खरी भीती ही होती. ज्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपल्या चारित्र्याचा शेरा लिहिलेला आहे, तेच पुस्तक आपल्याविरुद्ध साक्ष देईल, असे त्यांना वाटत होते. अशा माणसाला "काही होत नाही हो" म्हणून पाठवून देणे मला पटत नाही, कारण त्याने ज्या गोष्टीला आयुष्यभर मान दिला, तिची किंमत आपण कमी करतो. म्हणून मी त्यांना प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवून सांगितली.

पहिली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीची. ती ठरते सेवेच्या वर्षांवर, हुद्द्यावर, वेतनाच्या ग्रुपवर आणि सेवामुक्तीच्या कारणावर. पत्नीच्या नावाशी तिचा संबंध नाही. त्यामुळे पत्नीच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज केला म्हणून ती थांबण्याचे कारण नाही. हे नाव ज्या दिवशी कामाला येते, तो दिवस काकांच्या नंतरचा आहे. कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीच्या नावाने सुरू होते आणि तेव्हा कागदावरची बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या एकटीवर येते. वरच्या अंगाच्या एका गावातल्या काकी मला आठवतात, ज्यांना याच कारणाने अकरा महिने एक पैसाही मिळाला नव्हता. सरपंचांचा दाखला, तहसीलदारांचा दाखला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि प्रत्येक वेळी पदराला डोळे पुसत सांगायची तीच कहाणी. नवरा हयात असता, तर त्याच्या एका अर्जाने आणि एका सहीने हेच काम झाले असते. चूक शोधून दुरुस्त करण्याची योग्य वेळ सैनिक स्वतः हयात असताना असते, हे मी प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगते, आणि ते ऐकायला जड जाते हेही मला माहीत आहे, कारण त्यात मरणाचा विषय निघतो.

दुसरी गोष्ट खाडाखोडीची. डिस्चार्ज बुक ही सैनिकाला दिलेली प्रत आहे. मूळ नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते : मराठा लाईट इन्फंट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला, नौदलाच्या नाविकांची मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये. घरातल्या पुस्तकात पेनाने काहीही लिहिले तरी मूळ नोंद बदलत नाही. म्हणून तसे लिहिण्याचा उपयोग शून्य, आणि संशयाला मात्र जागा मिळते. पण ज्याने ते घडल्यावर स्वतःच लिहून कळवले, त्याच्याकडे फसवणूक करणारा म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही, कारण मूळ नोंद पाहून खरे काय ते पडताळता येते. आम्ही अर्जात एक वाक्य घातले : "माझ्याकडील पुस्तकात घरातील व्यक्तीने अजाणतेपणी पत्नीचे नाव बदलून लिहिले आहे, ते मी ग्राह्य धरत नाही आणि कार्यालयातील मूळ नोंदीवरून रीतसर दुरुस्ती व्हावी, अशी विनंती करतो." हे वाक्य त्यांनी तीन वेळा वाचून घेतले. मग खिशातून स्वतःचे पेन काढून सही केली. सही करताना ते उभे राहिले होते.

त्यानंतरचे काम कष्टाचे होते, अवघड नव्हते. नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, तर बहुधा प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे यांवर भागते. इथे मात्र नावच वेगळे होते, म्हणून पुरावा भक्कम हवा होता. लग्नाची नोंद कुठेच नव्हती. ती आधी ग्रामपंचायतीत करून घेतली. लग्न लावणारे भटजी हयात नव्हते आणि लग्नाला हजर असलेले साक्षीदार शोधताना काकींचा धाकटा भाऊ, एक चुलत दीर आणि शेजारच्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजी एवढेच सापडले. आजींना तारीख आठवत नव्हती, पण ताटातले तांदूळ आठवत होते आणि नाव लिहिताना काकांचा हात कापत होता, हेही आठवत होते. मग 'चंद्रभागा ऊर्फ सुलोचना ही एकच व्यक्ती आहे' असे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, एक इंग्रजी आणि एक मराठी अशा दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात, शासन राजपत्रातली प्रसिद्धी, आधार आणि पॅनच्या प्रती, दोघांचे एकत्र छायाचित्र, पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत. हा सगळा संच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे गेला. पोचपावती, जावक क्रमांक आणि तारीख मी त्यांना एका वहीत लिहायला लावली, कारण पुढच्या प्रत्येक पत्रात मागच्या पत्राचा क्रमांक लागतो आणि बहुतेक अर्ज नामंजूर होऊन नव्हे, तर पाठपुरावा सुटल्यामुळे पडून राहतात. प्रत्येक कार्यालय नेमके हेच कागद मागेल असे मात्र नाही. त्यामुळे खर्च करण्याआधी आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून यादी लेखी मागवून घ्यावी.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण या हकिगतीवरून कोणी चुकीची आशा बांधू नये. कुटुंबाच्या तपशिलातली चूक बाहेरच्या पुराव्याने दुरुस्त होते. सैनिकाची स्वतःची जन्मतारीख मात्र भरतीच्या वेळी लागली ती प्रमाण मानली जाते आणि निवृत्तीनंतर ती बदलून मिळण्याची शक्यता फार कमी असते, मग ती शाळेत गुरुजींनी सरसकट लावलेली 1 जूनची तारीख का असेना. सेवामुक्तीचे कारण, चारित्र्याचा शेरा किंवा वैद्यकीय श्रेणी यांवर हरकत असेल, तर तो नोंदीचा नव्हे, तर निर्णयाचा प्रश्न आहे. त्यासाठी आधी सेनेच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागते आणि गरज पडल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे लागते. या न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. असे प्रकरण माझ्याकडे आले, तर मी पहिल्याच दिवशी वकिलांकडे पाठवते.

दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघायला सात महिने लागले आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पेन्शन आदेश यायला आणखी पाच. या बारा महिन्यांत काकांची पेन्शन एकदाही चुकली नाही.

आदेश दाखवायला दोघेही आले. काकींना इंग्रजी वाचता येत नाही. काकांनी कागद टेबलावर सरळ केला आणि नावाच्या खालून बोट फिरवत एकेक अक्षर त्यांना सांगितले. काकींनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "बाय, म्हणजे चंद्रभागा पुसली का? आई होती तोवर त्याच नावाने हाक मारायची."

मी त्यांना प्रतिज्ञापत्राची प्रत काढून दाखवली. ती मराठीत होती आणि पहिल्याच ओळीत दोन्ही नावे होती. त्यांनी ती स्वतः वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग ती प्रत त्यांनी काकांच्या पुडक्यात जाऊ दिली नाही. घडी करून स्वतःच्या बटव्यात ठेवली.

जन्मतारखेची जागा अजून रिकामी आहे. वयाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनावर वीस टक्के वाढ मिळते, आणि ती मिळण्यासाठी ही तारीख लागणारच आहे. काकींच्या आधारवर 1 जानेवारी आहे, मतदार ओळखपत्रावर वर्षच वेगळे आहे आणि त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी जन्मल्या. माहेरच्या गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेल्याचे त्यांना आठवते, तेव्हा जुन्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये नोंद असू शकेल. पाऊस उघडल्यावर काका तिकडे जाणार आहेत. वही त्यांनी सोबत घेतली आहे आणि पुढच्या पानावर तारीख घालून ठेवली आहे.