सुट्टी, मुलं आणि दुपारी दीड ते चार

एप्रिल संपत आला की मला एकाच पद्धतीचे फोन यायला लागतात. शाळा सुटली, मुलं दिवसभर घरात, आणि पलीकडून आई म्हणते, मॅडम मी फार ओरडते हो, परवा हात पण उचलला, मी वाईट आई आहे का. मी रत्नागिरीत समुपदेशनाला बसते, आजूबाजूच्या गावातून बायका एसटीने येतात, त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगतेय, तरी ओळख पटेल असं सगळं बदललंय, कारण आपल्याकडे कोणाच्या घरी आज कुठला मासा आला हेसुद्धा वाडीभर माहीत असतं.

मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात सासूबाई. ही आली ती पिशवीतून एक चार्टच घेऊन आली, स्केचपेनने आखलेला. सातला योगा, नऊला क्राफ्ट, अकराला पझल, चारला स्टोरी टाइम. मोबाईलवर कोणाचातरी बघून केलेला. तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी मुलीने फेविकॉल लादीवर ओतून त्यात पाय घातले आणि हिने तिला दोन धपाटे दिले, मग रात्री मुलगी झोपल्यावर तिच्याकडे बघत रडत बसली. वर सासूबाईंचं चालूच, "आम्ही पाच वाढवली, आम्ही नाय कुणाकडं गेलो विचारायला."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय ना. सासूबाईंचं खोटं नाहीये, पण तेव्हा घरात बारा माणसं होती, दोन जावा, एक नणंद, आणि पोरं सकाळी बाहेर पडली की जेवायलाच परत. पाच मुलं एकट्या बाईने नव्हती सांभाळली, वाडीने सांभाळली. आता वाडीतली अर्धी घरं कुलूपबंद, मे मध्ये चाकरमानी आले की उघडणार, ते पण दहा दिवस, आणि त्या दहा दिवसात हिचंच काम वाढणार.

मी तिला चार्ट बाजूला ठेवायला सांगितलं आणि म्हटलं फक्त तीन दिवस लिही, आवाज कधी चढला आणि त्याआधी तू काय करत होतीस. मुलं काय करत होती ते नको, तू काय करत होतीस. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं तिने. सात वेळा चढला होता, त्यात सहा वेळा दुपारी दीड ते चारच्या मधे. आणि तिन्ही दिवस ती जेवली होती पावणेतीनला. मुलांना भरवून, सासूबाईंना वाढून, भांडी घासून मग. म्हणजे सकाळी साडेसातच्या चहा-चपातीनंतर थेट पावणेतीन!

त्यात आपला उकाडा. आकडा 34 चाच असतो पण हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, आणि लाईट गेली की संपलंच. उपाशी, घामाने भिजलेली आणि सकाळपासून एक मिनिट एकटी न बसलेली बाई, तिच्या जागी मी असते तर मी पण ओरडले असते, हे तिला मी सरळ सांगितलं.

मग दोनच गोष्टी बदलल्या. एक, साडेबाराला मुलांबरोबर तिने पण ताट घ्यायचं, भांडी पडू देत. दुसरी, दुपारी सगळ्यांची शांत वेळ. झोपायची सक्ती नाही, पण मुलगा पडवीत, मुलगी माजघरात, आणि आईला हाक मारायची नाही. चार वर्षांचं मूल पहिल्या दिवशी तासभर एकटं खेळत नाही हो, पहिल्या दिवशी दहा मिनिटं, घड्याळातला मोठा काटा दोनवर येईपर्यंत, मग हळूहळू वाढवायचं. आई त्या वेळात घर आवरणार नाही, ही पण अट. ही तिला सगळ्यात जड गेली.

"कंटाळा आला" म्हणाली मुलं तर? येऊ दे. प्रत्येक कंटाळ्यावर काहीतरी काढून देणं आपलं काम नाही. मोबाईलचं मात्र ठरवून घेतलं. ती नाही नाही म्हणत दहाव्यांदा वैतागून द्यायची, त्यातून मुलगा काय शिकला, तर दहादा मागायचं. म्हणून मागो न मागो, साडेचारला अर्धा तास, बस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, तेव्हा अर्ध्या तासाची बोचणी लावून घेऊ नकोस म्हटलं. पहिले चार दिवस मुलाने आकांडतांडव केलं, ते होतंच.

आणि सकाळचं काम तिला परसातच मिळालं. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं. फोडायचे, बिया नि गर मीठ लावून वेगळे, सालं उन्हात, मग रोज त्या गराच्या रसात बुडवून परत वाळत घालायची, अशी पाच-सहा पुटं. मुलाकडे सुपं उन्हात ठेवायचं आणि संध्याकाळी आत आणायचं काम दिलं. मुलीला बिया काढायच्या होत्या, नखाजवळ सोललेलं होतं तिथे आंबट झोंबलं, रडली, परत येऊन बसली. फ्रॉक गेला कामातून, कोकमाचा डाग कुठे जातो. तिसऱ्या दिवशी मुलगा सुपं विसरून क्रिकेटला पळाला, तर हिने ती मुद्दाम तशीच ठेवली आणि संध्याकाळी त्यालाच कोंबड्या हाकलायला लावल्या.

धपाट्यांचं पण बोललो. "मी मारलं ते चुकलं, मला राग आला होता" एवढंच म्हणायचं, त्यापुढे "पण तू पण ना" जोडायचं नाही. आणि दोन आठवडे रोज रडू येतंय, झोप नाही, जेवण जात नाही, मुलांचंच नको वाटतंय असं असेल तर दुपारच्या जेवणाने भागणार नाही, डॉक्टरला भेटा, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज अजून चढतो म्हणाली, पण रोज नाही. सासूबाई पण आता दुपारी आडव्या होतात, वर "हिच्या त्या मॅडमनी सांगितलंय" असं शेजारी सांगतात, कौतुकाने की टोमणा म्हणून ते तिलाच कळलेलं नाही. मग म्हणाली, मॅडम, पण आता पाऊस लागला की मुलांना खळ्यात, अंगणात पण सोडता येणार नाही, मग काय करू?